शून्य अंशाचा बर्फ

यंत्रावर रागावणं हा वेडेपणा आहे असं शहाणी माणसं म्हणतात. त्या शहाण्यांनी ऐंशीच्या दशकात गडचिरोली जिल्ह्यात लसींची फ्रीजं सांभाळलेली नसतात. मी सांभाळली आहेत. लाल आकड्यांचा तो डबा आठवला की माझं डोकं आजही फिरतं.

मी चंद्रपूरला आयटीआय केली, काही दिवस थंड पेयांच्या दुकानांची फ्रीजं दुरुस्त केली आणि मग आरोग्य खात्यात मेकॅनिक म्हणून चिकटलो. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झालेला. खुर्च्या यायच्या होत्या, साहेब आधीच आले होते. माझं काम एवढंच, की जंगलातल्या आरोग्य केंद्रांत मुलांच्या लसी ठेवायची जी आडवी फ्रीजं होती ती चालू राहिली पाहिजेत. लसीचा स्वभाव मोठा नखरेल. दोन ते आठ अंशांत ठेवली तर सुखानं नांदते. गरम झाली की वाया जाते, हे कोणालाही पटायचं. पण डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात यांची जी तिहेरी लस असते ती गोठली तरी वाया जाते, हे मात्र कोणाच्या गळी उतरायचं नाही. आमच्या भागातल्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसाला सांगून बघा, की अमुक वस्तू जास्त थंड झाली म्हणून बिघडली. ‘थंडीच त हाये ना भाऊ, मंग काऊन बोंबलून राह्यले?’ हे वाक्य मी शिपायापासून कंपाउंडरपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे.

आधी फ्रीजमध्ये काचेचे तापमापक असायचे. ते फुटायचे, त्यातली रेघ कोणाला दिसायची नाही, दिसली तरी वाचता यायची नाही. मग वरून हुकूम आला, की आता डिजिटल. एक चौकोनी डबा, त्याला लांब वायर, वायरीच्या टोकाला पेन्सिलीएवढी धातूची कांडी. कांडी फ्रीजमध्ये सोडायची, डबा बाहेर भिंतीवर टांगायचा. डब्यावर लाल आकडे, तेसुद्धा दशांशासकट. डबे लावायला मुंबईच्या कंपनीचा एक माणूस आला. त्यानं आमच्या ऑफिसच्या व्हरांड्यात बर्फाच्या पाण्याचा टब मांडून सगळे डबे एका दमात जुळवले आणि संध्याकाळच्या गाडीनं तो निघून गेला. मी त्या दिवशी दौऱ्यावर होतो. आमचे साहेब, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी, इतके खूश झाले की त्यांनी काचेचे तापमापक सगळ्या केंद्रांतून परत मागवून कपाटात कुलूपबंद केले. दोन आकडे दिसले की माणसं गोंधळतात, असं त्यांचं म्हणणं.

यातला एक डबा हेमलकशाच्या बाजूला, पार आत असलेल्या एका केंद्रावर गेला. तिथल्या नर्सबाई मूळच्या भद्रावतीकडच्या. नवरा माजरीच्या कोळसा खाणीत कामाला, शाळेत जायच्या वयाची मुलगी सासूजवळ, आणि बाई इकडे जंगलात. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की चार-चार महिने मुलीचं तोंड दिसायचं नाही. कित्येक वर्षं अर्ज केल्यावर त्यांची माजरीजवळच्या एका केंद्रावर बदली मंजूर झाली होती. मी फ्रीज तपासायला गेलो की चहा ठेवता ठेवता त्या तेच बोलायच्या. ‘भाऊ, यंदा पोरीची शाळा लागली का मीच तिले नेऊन देईन पाहा.’ भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर होतं. त्यावर त्या रोज एक दिवस पेन्सिलीनं खोडायच्या.

आणि अशात साहेबांचा दौरा निघाला. जानेवारी सरत आला होता. साहेबांनी तिथल्या फ्रीजमधून तिहेरी लसीची एक बाटली काढली, हलवली आणि टेबलावर ठेवली. चांगली लस हलवली की बराच वेळ दुधासारखी गढूळ राहते. एकदा गोठून वितळलेल्या लसीत मात्र फाटलेल्या दुधासारखे कण दिसतात आणि भरभर तळाला बसतात. इथे कण बसले. दुसरी बाटली, तिसरी बाटली, सगळ्यांची तीच गत. साहेबांनी भिंतीकडे पाहिलं. डब्यावर लाल अक्षरांत तीन पूर्णांक एक. म्हणजे दोन आणि आठच्या मध्ये, कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

आता कोणाही माणसानं म्हटलं असतं, की लस गोठली आहे आणि यंत्र तीन अंश दाखवतंय, तर यंत्राचं काहीतरी बिनसलं असेल. साहेबांनी म्हटलं, यंत्र तीन दाखवतंय आणि लस गोठली आहे, तर बाईंचं काहीतरी बिनसलं आहे. त्यांनी मनाशी गोष्टसुद्धा रचली. बाईंनी लस बर्फाच्या कप्प्यात टाकून ठेवली होती, आणि जीपचा आवाज ऐकल्यावर घाईघाईनं खाली आणून ठेवली. बाईंना मेमो मिळाला. चौकशी संपेपर्यंत बदली थांबवली. दोषी ठरल्या तर बदली गेलीच, नोकरीचंही काही खरं नाही.

मला हुकूम झाला, की जाऊन यंत्र ठीक असल्याचा अहवाल आणा. ‘ठीक आहे की नाही’ याचा नव्हे, ‘ठीक असल्याचा’.

मी गेलो. बाई मला म्हणाल्या, ‘भाऊ, पोरीची शपथ घेऊन सांगतो, मी बाटल्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या नाई. साहेबच मीटिंगमध्ये बोलले होते, का लाइटीचा भरवसा नाई, आकडा तीनच्या जवळ ठेवा. पयले तो आठ-आठ दाखवे. म्हणून मी बटन फिरवलं अन् तीनवर आणला.’ बाईंवर माझा विश्वास होता. पण विश्वासाचा अहवाल लिहिता येत नाही.

मग सुरू झाली माझी परीक्षा. बॅटरी बदलली, आकडा तोच. वायर उंदरानं कुरतडली असेल म्हणून इंच इंच चाचपली, वायर अखंड. कांडी गंजली असेल म्हणून घासली, आकडा तोच. सोबत एक जादा डबा आणला होता, त्याची कांडी पहिलीच्या शेजारी सोडली. तोही तीन पूर्णांक एक! दोन डबे एकमेकांशी इतके सहमत होते, की आमच्या ऑफिसात दोन माणसं कधी तेवढी सहमत झालेली मी पाहिली नाहीत. मी कांडी काखेत धरून बसलो. सदतिसाच्या किंचित खाली. बाईंचा तापाचा काचेचा थर्मामीटर दुसऱ्या काखेत धरला. तोही तेवढाच. कंपाउंडर दारातून पाहत होता. तो म्हणाला, ‘ताप नाई दिसत बा तुमाले.’ त्या क्षणी त्याच्या डोक्यात तो डबा घालावा असं मला मनापासून वाटलं.

काखेत बरोबर आणि फ्रीजमध्ये चूक, असं होऊ शकतं का? होऊ शकतं. त्या डब्याच्या पाठीला दोन बारीक स्क्रू होते. एकानं वरचा आकडा जुळवायचा, एकानं खालचा. वरचा नीट बसला आणि खालचा चुकला, तर गरमीत यंत्र खरं बोलणार आणि जसजसं थंड व्हावं तसतसं जास्त खोटं बोलणार. म्हणजे काखेतली साक्ष फ्रीजच्या कामाची नाही. खालचा आकडा तपासायचा तर त्याला एकच उपाय, आयटीआयमध्ये आमच्या मास्तरांनी घोकून घेतलेला. बर्फ कुटा, त्यात थोडं पाणी घाला, हलवा. वितळणारा बर्फ म्हणजे शून्य. तो मुंबईत शून्य, मुलचेऱ्यात शून्य, साहेबाच्या केबिनमध्येही शून्य.

फ्रीजमध्ये पाणी भरून गोठवलेले प्लास्टिकचे पॅक होते. एक फोडला, बर्फ कापडात बांधून वरवंट्यानं ठेचला, स्टीलच्या पातेल्यात पाण्यात कालवला आणि कांडी घातली. आकडा उतरत उतरत साडेचारवर थांबला. ढवळलं, थांबलो, पुन्हा ढवळलं. साडेचार. दुसरा डबा, साडेचार. मी आनंदानं ओरडलोच. म्हणजे शून्याला हे डबे साडेचार म्हणत होते, आणि ते जेव्हा तीन म्हणत होते तेव्हा आत शून्याच्याही खाली गोठणं चाललं होतं. बाईंनी आकडा तीनवर आणला म्हणजे स्वतःच्या हातानं लस गोठवली, तीही साहेबांच्या हुकमानं, यंत्रावर पूर्ण भरवसा ठेवून.

माझ्या अहवालावर साहेब म्हणाले, ‘जंगलातल्या बोअरिंगच्या पाण्याचा बर्फ तुम्ही शून्य धरता? त्यात लोह, चुना, काय काय असतं. शिवाय सगळे डबे एकच आकडा दाखवतात, मग सगळेच कसे चुकतील?’ मी म्हटलं, सगळे एकाच टबात जुळवलेत साहेब. ते म्हणाले, ‘कंपनीच्या माणसानं जुळवलेत.’ माणूस कंपनीचा आहे एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. कपाटातला एक काचेचा तापमापक तरी काढा म्हटलं, तर ते म्हणाले, बाद केलेल्या वस्तूची साक्ष चालत नाही. शेवटी मी हट्टच धरला, की तुमच्यासमोर करून दाखवतो, इथेच, शहरातल्या बर्फात. साहेब म्हणाले, चौकशीच्या दिवशीच करा, बाईही येतील.

चौकशीच्या दिवशी ऑफिसात निम्मी माणसं नव्हती. महाशिवरात्र जवळ आल्यामुळे मार्कंड्याच्या जत्रेत विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायला जीप आणि कर्मचारी गेले होते. बाई आदल्या दिवशीच एसटीनं निघून आल्या होत्या आणि व्हरांड्यातल्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, काळजी करू नका, पाच मिनिटांचं काम आहे. शिपायाला बर्फ आणायला पिटाळलं. तो सायकलवरून गोणपाटात बर्फ घेऊन आला. मी तो बादलीत ओतला, पाणी घातलं, ढवळलं आणि रुबाबात कांडी सोडली.

आकडा उतरला. साडेचार. मी साहेबांकडे पाहिलं. पण तो तिथे थांबेना. तीन, दोन, एक. शून्य. शून्यावर येऊन तो डबा असा काही स्थिर झाला, की जणू कोणी खिळा ठोकला.

‘झालं?’ साहेब म्हणाले.

मी बादली ढवळली, जोरात ढवळली, पाणी साहेबांच्या बुटांवर उडालं. शून्य. जादा डबा आणला. शून्य. बाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना आकड्यांचं शास्त्र कळत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं. त्या परत बाकावर जाऊन बसल्या. मला इतका राग आला, की तो यंत्रावर काढावा, साहेबावर काढावा की बर्फावर काढावा हेच समजेना. जंगलात साडेचार आणि गडचिरोलीत शून्य! बर्फसुद्धा माणूस बघून वागतो की काय?

साहेब आत अंतिम शेरा लिहायला बसले. मी म्हटलं, अर्धा तास द्या, मी स्वतः बर्फ आणतो. ते म्हणाले, दहा वेळा आणा. मी शिपायाची सायकल घेतली आणि बाजाराकडे निघालो. रस्ताभर मी मोठमोठ्यानं शिव्या देत होतो. लोक वळून बघत होते, त्याची मला पर्वा नव्हती.

बर्फवाल्याचं खोपट मासळीबाजाराला लागून. चंद्रपूरच्या कारखान्यातून आलेल्या लाद्या त्यानं लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात पुरून ठेवलेल्या. मी धापा टाकत म्हटलं, बर्फ द्या, लवकर.

त्यानं टोचा हातात घेतला आणि विचारलं, ‘मासोळीले पायजे का शरबताले?’

‘म्हणजे?’

‘मासोळीले पायजे त ह्या पेटीतला. शरबताले त लादीचा फोडून देतो.’

‘फरक काय?’

त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. ‘मासोळीच्यात मीठ कालवलं असते ना भाऊ. गंज थंडा असते, एकदम थंडा. शरबतात टाकला त गिऱ्हाईक तोंडावर थुकन ना माह्या.’

मी तिथेच भुशाच्या ढिगावर बसलो. मीठ! बर्फात मीठ घातलं की तो शून्याच्या खाली उतरतो, चांगला चार-पाच अंश उतरतो. हे तर मी शाळेत शिकलो होतो, कुल्फीवाला रोज करतो. म्हणजे आजच्या बादलीतलं शून्य हे शून्य नव्हतंच. ते शून्याच्या कितीतरी खालचं पाणी होतं, आणि डबा त्याला शून्य म्हणत होता. मी विचारलं, आमचा शिपाई मघाशी कुठला घेऊन गेला? ‘मासोळीचा. तो नेमी तोच नेते.’

दोन्ही घेतले, दोन वेगळ्या पिशव्यांत, आणि सायकल अशी हाणली की चेन दोनदा उतरली. ऑफिसात येऊन मी साहेबांच्या टेबलावरच, त्यांच्या शेऱ्याच्या कागदाशेजारी, दोन भांडी ठेवली. शरबताच्या बर्फात कांडी घातली, साडेचार. मासोळीच्या बर्फात घातली, शून्य. पुन्हा शरबत, साडेचार. पुन्हा मासोळी, शून्य. साहेब भुवया चढवून म्हणाले, ‘यातला खरा कुठला?’ मी म्हटलं, चाखून पाहा साहेब. त्यांनी एका भांड्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मग दुसऱ्यात बुडवलं, आणि तोंड असं काही केलं, की इतक्या दिवसांचा माझा थोडा वैताग तिथेच वसूल झाला.

शिपायाला बोलावलं. कंपनीचा माणूस आला होता त्या दिवशी बर्फ कोणता आणला होतास? त्याला प्रश्नच कळेना. ‘मासोळीचाच जी. तो साहेब हिंदीत बोलला, एकदम थंडा बर्फ लाओ. म्हणून एकदम थंडा आनला. मले वाटलं, शरबताचा आनला त बोंब मारन, का हा कमी थंडा हाये म्हणून.’ त्यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? आमच्याकडे थंड म्हणजे चांगलं आणि एकदम थंड म्हणजे एकदम चांगलं. त्यानं आपल्या परीनं सरकारचं भलंच केलं होतं. मुंबईच्या पाहुण्यानं ते मिठाचं पाणी शून्य धरून जिल्ह्यातल्या सगळ्या डब्यांचे खालचे स्क्रू पिळून टाकले आणि तो गाडीला बसला. एक थेंब जिभेवर ठेवायला त्याला काय झालं होतं?

साहेबांनी शेरा फाडला. बाईंना आत बोलावून, खुर्ची देऊन, तुमची काही चूक नाही असं सांगितलं. बाई रडल्या नाहीत. त्यांनी पहिलं विचारलं ते बदलीचं. साहेब म्हणाले, आता काय अडचण, निघेल आठवड्यात. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, ‘भाऊ, माजरीले या. पोरीच्या हातचा चहा पाजतो तुमाले.’ माझ्या नोकरीत मला इतकं मोठं वाटल्याचा दुसरा प्रसंग आठवत नाही. मी घरी जाऊन पोटभर जेवलो.

पण सरकारी डोकं असं मध्येच थांबत नाही. यंत्र चुकीचं ठरलं, म्हणजे सगळ्या केंद्रांवरची यंत्रं चुकीची. सगळीकडच्या बाटल्या हलवून पाहिल्या, बहुतेक ठिकाणी कण तळाला बसले. म्हणजे सगळीकडच्या मुलांना टोचलेल्या सुया वाया गेल्या असं धरायचं. म्हणजे पाड्यापाड्यांवर पुन्हा जायचं, आणि ज्या आयांना पहिल्यांदा समजावता समजावता घसा सुकला त्यांना सांगायचं, की ती सुई धरू नका, पुन्हा टोचायची आहे. आणि हे ज्यांचा चेहरा आयांच्या ओळखीचा आहे त्यांनीच करायचं. म्हणून फेरलसीकरण पूर्ण होईपर्यंत सगळ्या नर्सबाईंच्या बदल्या स्थगित. मंजूर झालेल्यासुद्धा. फेरलसीकरणाला मध्ये पावसाळा धरून पुढचं वर्ष उजाडणार होतं, हे कोणीही सांगितलं असतं. नवीन जुळवलेला डबा आणि ताजी लस पोचवायला माझी जीप तिकडेच जाणार होती, म्हणून तो हुकूम माझ्याच हाती दिला.

मी पोचलो तेव्हा बाईंच्या क्वार्टरचं दार सताड उघडं होतं. भिंती रिकाम्या, गादी गुंडाळलेली, आणि मधोमध पत्र्याची पेटी, सुताच्या जाड दोरीनं करकचून बांधलेली. मला पाहून त्यांना वाटलं, जीप त्यांनाच न्यायला आली. ‘इतक्या लवकर, भाऊ?’ त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून गादी उचलायला वाकल्या.

मी कागद पुढे केला. त्यांनी उभ्या उभ्याच वाचला. मी काहीतरी पुटपुटलो, साहेबाला भेटतो, वर लिहितो, असलं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, ‘मी खोटी ठरली असती त?’

‘तर काय?’

‘त बाकीच्या मशिनी कोणी पाह्यल्या नसत्या. पोरं तशीच राह्यली असती.’

‘हो.’

त्या पेटीकडे वळल्या. मग खाली बसून गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट होती, निघेना. मी म्हटलं, द्या, मी सोडतो. त्यांनी माझा हात बाजूला केला, दातांनी गाठ सोडवली आणि दोरी घेऊन बाहेर गेल्या. व्हरांड्यात सायकल होती. तिच्या कॅरिअरवर त्यांनी लसीची थंड पेटी ठेवली आणि दोरीचा पहिला वेढा घातला.

‘सगळ्यात दूरचा पाडा पयले करतो,’ त्या म्हणाल्या. ‘तिथली एक माय मले गंज शिव्या देईन.’